खानविलकरांची गच्चीवरची नदी

खानविलकरांची आणि माझी ओळख आमच्या छतातून झाली. म्हणजे ते छताच्या वर होते, मी छताच्या खाली होते आणि मधून पाणी गळत होतं.

सिल्व्हर पार्कात राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. लालबागची खोली विकून घेतलेली जागा, सगळ्यात वरचा मजला, हवा छान, असं आमचे हे येईल त्याला सांगत होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मीरा रोडला तेव्हा हवा छानच होती, कारण हवेशिवाय दुसरं काही नव्हतं. नळ होते, त्यांना पाणी नव्हतं. टँकर यायचा. त्याचा हॉर्न वाजला की बायका गॅसवरचं दूध तसंच सोडून बादल्या घेऊन खाली पळायच्या. अशा ठिकाणी एका रविवारी स्वयंपाकघराच्या छतातून आपणहून पाणी टपकायला लागलं, तेव्हा खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. मी खाली पातेलं लावलं. मग पाण्याचा रंग पाहिला आणि पदर खोचून तडक गच्चीवर गेले.

वर एक गोलसर गृहस्थ उकिडवे बसले होते. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दुसरा पोटरीपर्यंत. समोर एक फुटकं वॉशबेसिन आणि त्यात उगवलेलं गवत. त्या गवताला ते म्हणत होते, “घाई करू नकोस. आरामात.”

“अहो, तुमचं पाणी माझ्या घरात गळतंय!” मी ओरडले.

“कुठून?”

“कुठून म्हणजे? छतातून!”

“ते झालंच. पण थेंब थेंब, का धार?”

मी काही बोलायच्या आत ते जिन्यावरून खाली आले, चपला बाहेर काढल्या, माझ्या स्टुलावर चढले आणि ओल्या डागाकडे एकटक बघत राहिले. आता हा माणूस माफी मागेल, असं मला वाटलं. त्यांचा चेहरा उजळला.

“वहिनी, तुमच्याकडे त्रिभुज प्रदेश झालाय! हा बघा मुख्य प्रवाह, हे फाटे. वर मला इतके दिवस हे साधत नाहीये आणि तुमच्याकडे आपोआप!”

ही त्यांची माफी. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः डांबर आणून गच्चीची भेग बुजवली आणि त्यांच्या बायकोने, नलूताईंनी, नारळाच्या वड्या पाठवल्या. वड्या इतक्या सुरेख होत्या की पुढेमागे पुन्हा गळलं तरी चालेल, असं आमचे हे म्हणाले.

खानविलकर एका सरकारी कार्यालयात पाण्याचा अभ्यास करायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे हे बुचाच्या छोट्या बाटल्या ठेवायचे. चालताना त्या किणकिण वाजायच्या, त्यामुळे खानविलकर कुठल्या मजल्यावर आहेत ते अख्ख्या इमारतीला कळायचं. रस्त्याने जाताना माणसं दुकानांकडे बघतात, हे गटारांकडे बघत. मधेच थांबत, वाकत आणि “बरं आहे, बरं आहे” असं काहीतरी पुटपुटत. भाजीवाल्याला पहिल्यांदा वाटलं की यांचं काहीतरी पडलंय. तोही बिचारा वाकून शोधायला लागला. पँटची ती दुमड तर लग्नाकार्यातही उतरायची नाही. नलूताई मांडवाच्या दाराशी हात लावून ती सोडायच्या आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत ती पुन्हा वर गेलेली असायची.

गच्चीवरचा तो सगळा पसारा म्हणजे त्यांची नदी. एका टोकाला निळं पिंप. त्याचं नाव ‘शहर’. त्यातून घाण पाणी नळाने सुटायचं, पत्र्याच्या पन्हळीतून वाहायचं आणि तीन-चार फुटक्या बेसिनांतून व आडव्या कापलेल्या एका प्लास्टिकच्या टाकीतून फिरत फिरत पुढे जायचं. त्या बेसिनांत चिखल भरलेला, चिखलात लव्हाळं आणि पाणकणसं लावलेली. ही ‘काठची पाणथळ’. शेवटी काचेची बरणी, लोणच्याची. ती ‘खाडी’. टाकीच्या मधोमध चिखलात एक काळी रबरी पिशवी पसरलेली असायची. पोट दुखलं की शेकायला गरम पाणी भरतो ना आपण, ती.

“हे काय?” मी विचारलं.

“म्हैस,” खानविलकर म्हणाले.

मी पुढे काही विचारलं नाही. नव्या शेजाऱ्यांशी जपून वागावं, एवढी अक्कल मला होती.

मग हळूहळू मला त्यातलं समजत गेलं, म्हणजे समजून घ्यावंच लागलं, कारण गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या कुठल्याही बाईला ते नदी समजावून सांगितल्याशिवाय खाली सोडत नसत. नदीच्या, ओढ्याच्या काठाने दलदलीची जागा असते. आपण तिला पडीक समजतो. पण वरून येणारं घाण पाणी तिथे पसरतं, मंद होतं. गाळ खाली बसतो. मुळांना चिकटलेले बारीक बारीक जीव घाण खातात. आणि पुढे जातं ते पाणी निराळंच असतं. काठची किती पाणथळ राहिली तर खाली किती घाण पोचेल आणि ती बुजवली तर किती, हे अख्ख्या खोऱ्यासाठी आधीच हिशेबाने सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. या हिशेबाला ते ‘मॉडेल’ म्हणत.

“म्हणजे फिल्टरच की,” मी एकदा म्हणाले.

ते इतके दुखावले की बाटल्या वाजायच्या थांबल्या. “फिल्टर बदलावा लागतो, वहिनी. पाणथळ स्वतःची स्वतः वाढते. तिला फक्त एकच गोष्ट लागते. पाण्याला बसायला जागा पाहिजे हो!”

हे त्यांचं पालुपद. कशालाही लावायचे. रेशनच्या दुकानात चेंगराचेंगरी झाली, तर “बसायला जागा ठेवली नाही, दुसरं काय!” कुणाचं नवराबायकोचं भांडण झालं, तर “त्यांना सांगा, जरा पसरा, मंद व्हा, गाळ खाली बसू द्या.” एकदा आमचंच झालं होतं. मी चांगलीच तापले होते आणि शेजारचे खानविलकर भिंतीपलीकडून ऐकून नलूताईंना तेच सांगत होते. मला हसू आलं आणि भांडण तिथेच मोडलं.

मॉडेल आधी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर होतं. त्या कॉम्प्युटरला थंडगार खोली होती आणि बाहेर चपला काढून आत जावं लागायचं. खानविलकर तिथे अनवाणी बसून आकडेमोड करत आणि वाया गेलेले कागद घरी आणत. दोन्ही कडांना भोकं असलेले, एकमेकांना जोडलेले लांबच लांब कागद. नलूताईंनी ते इमारतीत वाटले. आमच्या सगळ्यांच्या फळ्यांवर, डब्यांखाली, पापडांखाली तेच. माझ्या हळदीच्या डब्याखाली एका नदीची पूर्ण वाट लागलेली होती, असं खानविलकरांनीच एकदा वाकून बघून सांगितलं.

पण कचेरीतल्या साहेबांचा त्या आकड्यांवर विश्वास बसेना. नलूताई सांगायच्या, मोठ्या साहेबांनी एकदा सगळं समीकरण पाहिलं आणि एका अक्षरावर बोट ठेवलं.

“हा ‘म’ कसला?”

“म्हैस, साहेब.”

“ही कुठून आली?”

“चेण्याहून, साहेब.”

चेणं म्हणजे घोडबंदरकडचं गाव, आणि खानविलकर विनोद करत नव्हते. म्हैस दलदलीत लोळते, गाळ ढवळते, वर शेणाची भर घालते. तिला हिशेबात धरलं नाही, तर हिशेब खोटा ठरतो. पण साहेब म्हणाले, खानविलकर, कागदावर म्हशी पुष्कळ पाहिल्या, आता प्रत्यक्ष काहीतरी दाखवा. कचेरीत जागा नव्हती. म्हणून गच्ची.

गच्चीवरची नदी अर्थातच सोसायटीच्या मीटिंगमध्ये आली. आमचे सेक्रेटरी पिंटो. भाईंदरचे, तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

“साला, पब्लिकला आंघोळीला पानी नाय, नि हे वरती नदी काढतात!” पिंटो गरजले. “खानविलकर, उद्या समुद्र पायजे म्हणाल!”

“समुद्र नको,” खानविलकर गंभीरपणे म्हणाले. “खाडीपर्यंतच माझा विषय आहे.”

मग ते उठून उभे राहिले आणि बाटल्या किणकिणल्या. त्यांना चांगलं पाणी नकोच होतं. त्यांना घाण पाणी हवं होतं. भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, जे आपण मोरीत ओतून देतो ते. इमारतीने रोज त्यांना आपली घाण द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. पिंटोंनी आयुष्यात इतकी सोपी मागणी ऐकली नव्हती. ठराव एकमताने पास झाला.

आणि मग आमच्या इमारतीला घाणीचा नादच लागला. रोज सकाळी प्रत्येक दारात एक बादली. खानविलकर येत, वाकत, वास घेत आणि शेरा देत. तळमजल्यावर, “जोशीवहिनी, आज उत्तम!” “पिंटो, मासे कुठले होते? वा!” ज्याच्या पाण्याची स्तुती होई, तो दिवसभर खुशीत असे. आमचे हे तर मुद्दाम मळक्या बनियनी माझ्या बादलीत बुडवून ठेवायला लागले.

दुःखी होत्या त्या एकट्या हसुबेन. दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांचं घर म्हणजे फरशीवर तोंड दिसेल असं. भांडी आधी राखेने, मग साबणाने, मग चिंचेने. खानविलकर त्यांच्या बादलीत डोकावत आणि मान हलवत. “हसुबेन, तुमच्या पाण्यात काही दम नाही हो.”

“पण मी गंदा कशाला ठेवू, खानविलकरभाई?” हसुबेन कळवळून म्हणायच्या. “आमच्या घरात गंदा होतंच नाय!”

“मग शहर कसं चालेल?” असं म्हणून ते पुढे जात. हसुबेनना हे फार लागलं होतं. सगळ्या इमारतीची नदी, आणि आपला त्यात एक थेंब नाही. आपल्या हातून नदीचं काहीतरी भलं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या इच्छेतूनच झालं.

लव्हाळं आणायला आम्ही चेण्याला जायचो. खानविलकर, नलूताई, हसुबेन, मी आणि दोन गोणपाटं. घोडबंदरच्या बाजूला बसमधून उतरून आत चालत जायचं. तिथे ओढ्याच्या काठाने दलदलीचा एक लांब पट्टा होता. हिरवागार, डासांनी भरलेला आणि मधे मधे म्हशींचं नुसतं डोकं वर. म्हशी जनाबाईंच्या. जनाबाई बांधावर बसून आमच्याकडे बघत राहायच्या.

“गवात कापून न्यतान, त्या समाजला,” त्या एकदा नलूताईंना म्हणाल्या. “पन चिखोल कशाला न्यतान? तुमच्याकरं चिखोल न्हाय का?”

“आहे हो. पण यांना इथलाच लागतो.”

“बरा हाय ना त्यांचा?” जनाबाईंनी हळूच कपाळाकडे बोट नेलं.

“बरं आहे. हे लग्नाच्या आधीपासूनच आहे,” नलूताई म्हणाल्या.

त्या दिवशी पट्ट्याच्या एका कडेला चुना लावलेले लाकडी खांब ठोकलेले दिसले. खानविलकर चिखलातून सावकाश तिकडे गेले आणि एका खांबाला हात लावून उभे राहिले.

“भराव टाकतान,” जनाबाई मागून म्हणाल्या. “डंपर येतील म्हनतान. म्हशी कुठं बसवू, मना काय ठावं न्हाय.”

खानविलकरांनी तो खांब हलवून पाहिला. परतताना बसमध्ये त्यांनी सांगितलं की गच्चीवरची नदी म्हणजे हाच ओढा आणि बेसिनातली पाणथळ म्हणजे हाच पट्टा. साहेबांना मॉडेल पटलं, तर अभ्यास होईपर्यंत हा पट्टा हात न लावता ठेवायची शिफारस ते वर पाठवणार होते. नाही पटलं, तर अभ्यास बंद, खानविलकरांची रवानगी टपाल विभागात आणि पट्ट्यावर डंपर.

“मग ओढा तसाच्या तसा खाडीत जाईल,” ते म्हणाले. “अंगावरचे मळके कपडे न बदलता.”

हसुबेननी डोळ्यांना पदर लावला. मळके कपडे हा शब्द त्यांना सहन झाला नाही.

साहेब येण्याचा दिवस ठरला. सकाळीच खानविलकर हायवेवर गेले, कारण सिल्व्हर पार्कचा रस्ता बाहेरच्या माणसाला सापडत नसे आणि साहेबांची जीप चुकली असती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. माझ्या कचेरीतून आले तर जिन्यात फिनेलचा वास. वर चढत गेले तसा वास वाढत गेला. माझ्या पाठोपाठच बाटल्या किणकिणल्या. खानविलकर साहेबांना घेऊन आलेच. मोठे साहेब उंच, मितभाषी. सोबत फाइल धरलेले छोटे साहेब. आम्ही सगळे एकदमच गच्चीच्या दारातून आत शिरलो.

गच्ची झळकत होती. पन्हळीच्या दोन्ही बाजूंनी रांगोळी. पाणथळीवर आंब्याच्या पानांचं तोरण. बेसिनं बाहेरून चकचकीत घासलेली. लव्हाळ्याची पिवळी पाती खुडून टाकलेली आणि उरलेली रिबिनीने बांधलेली. रबरी म्हशीच्या कपाळावर, म्हणजे बुचाखाली, कुंकू. बाजूला हसुबेन, जोशीवहिनी, पिंटो आणि इमारतीतले सगळे नवे कपडे घालून ओळीत उभे. हसुबेनच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला शंका यायला हवी होती.

खानविलकर जरा बावरले. पण त्यांना वाटलं, सजावटच आहे, प्रेमाने केली आहे. त्यांनी घसा साफ केला आणि अख्खी पाणथळ समजावून सांगितली. चेणं, ओढा, खांब, गाळ, मुळं, म्हैस. मोठे साहेब मनापासून ऐकत होते. मग खानविलकरांनी नळ सोडला. पाणी पन्हळीतून निघालं, पाणथळीत शिरलं, वळणं घेत घेत बरणीत उतरलं. त्यांनी एक बाटली पिंपातून भरली, एक बरणीतून, आणि न बघताच दोन्ही हात उंच केले. किती वर्षं वाट पाहिली होती या क्षणाची.

“ही घाण,” त्यांनी डावा हात हलवला. “आणि ही स्वच्छ.”

डाव्या हातातलं पाणी आरशासारखं नितळ होतं. उजव्या हातातलं चहासारखं.

खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि सवयीने दोन-तीन बायकांचे पाय हलले.

“खानविलकर,” मोठे साहेब शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच चांगला होता, “गडबडीत हात उलटे झाले तुमचे. होतं असं. फिरवा बाटल्या.”

छोटे साहेब पेन काढून तयारच होते. म्हणजे सुटका समोर ठेवलेली होती. पिंटो मागून कुजबुजले, “अरे फिरव ना, बाबा!” हसुबेन मान डोलावत होत्या. नलूताईंनी डोळे मिटून घेतले. मीही मनातल्या मनात म्हणत होते, फिरवा हो, काय जातंय, पट्टा वाचतोय, म्हशी वाचतायत.

खानविलकरांनी दोन्ही बाटल्या डोळ्यांजवळ आणल्या. आधी ही पाहिली, मग ती. त्यांचा चेहरा लहान झाला होता.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “बाटल्या बरोबर आहेत. माझंच काहीतरी चुकलंय.”

दोन्ही साहेब मान हलवून जिना उतरून गेले. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

खानविलकर पिंपाजवळ खाली बसले. त्यांनी आत हात घालून पाणी नाकाशी नेलं. मग पाणथळीच्या चिखलात बोटं घातली आणि चमकून वर पाहिलं.

“हसुबेन,” ते अगदी हळू म्हणाले, “काय केलंत?”

“साफ केलं!” हसुबेनना अजूनही काही कळलं नव्हतं. “पाहुणे येणार नि आपण त्यांना गटर दाखवायचा? पिंप रिकामा केला, घासला. गवताची मुळं एकेक काढून धुतली, पुन्हा लावली. चिखल पण चांगला खाली-वर केला, वास जावा म्हणून. नि पिंपात चांगला पानी भरला. टँकरचा. सगळ्यांनी एकेक बादली दिली. मी तर दोन.”

ही बाई सांगत होती ते काय आहे, ते कळायला आमच्या इमारतीत राहायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात एक बादली पाण्यासाठी सख्ख्या जावा बोलायच्या बंद झाल्या होत्या. त्या दिवशी सकाळी या लोकांनी आपलं प्यायचं पाणी उचलून गच्चीवर नेलं होतं आणि खानविलकरांच्या घाणीत ओतलं होतं, त्यांची अब्रू राहावी म्हणून. हसुबेनना आता समजायला लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

खानविलकर त्यांच्याकडे बघत होते. मग बेसिनांकडे. मग हातातल्या चहासारख्या बाटलीकडे. आणि एकदम ते ताडकन उठले.

“मुळं धुतलीत? चिखल खाली-वर केलात?”

“हो… माफ करा, भाई…”

“अहो, मग बरोबर आहे! हेच व्हायला पाहिजे! मॉडेलमध्ये हेच आहे! पाणथळ खरवडली की वरून कितीही चांगलं पाणी सोडा, खाली घाणच येणार!” आणि उजव्या हातात बाटली, डाव्या हातात कुंकू लावलेली म्हैस घेऊन ते जिन्यावरून सुटले.

जीप गेली असती. पण आमच्या गेटात टँकर आडवा उभा होता, आणि पाणी भरून होईपर्यंत तो पंतप्रधानांसाठीसुद्धा हलला नसता. मी वरून कठड्याला पोट टेकवून बघत होते. खानविलकर बादल्यांच्या रांगेतून वाट काढत जीपच्या खिडकीशी पोचले आणि म्हैस हलवून हलवून बोलायला लागले. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. मोठे साहेब आधी समोर बघत होते, मग म्हशीकडे, मग वर आमच्याकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, अगदी डोळे पुसून हसत होते.

नंतर कळलं, साहेबांनी विचारलं, “पुन्हा कधी दाखवाल?” खानविलकर म्हणाले, “पावसाळ्यानंतर. चिखल हलवलाय, तो बसायला वेळ लागेल.” साहेब म्हणाले, “एवढा उशीर? आज बाटल्या फिरवल्या असत्यात, तर आजच सही झाली असती.” त्यावर खानविलकरांनी विचारलं, “आणि उद्या पाण्याने ऐकलं नसतं तर?” साहेब पावसाळ्यानंतर खरंच आले, न कळवता. त्या दिवशी आमचं शहर भयंकर घाण होतं, आणि सगळ्यात घाण पाणी होतं हसुबेनचं. तीन दिवस त्यांनी काळजावर दगड ठेवून भांडी नुसती भिजत घातली होती. खानविलकर त्यांची बादली हुंगून म्हणाले, “क्या बात है!” आणि हसुबेन लाजल्या. बरणीत उतरलेल्या पाण्यातून पलीकडचे छोटे साहेब स्वच्छ दिसत होते.

शिफारस गेली. अभ्यास होईपर्यंत पट्ट्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. आता अभ्यास संपला कधी, हे विचाराल तर तो संपलाच नाही. खानविलकर खोटं बोलले नाहीत, ते त्यांना जमतच नसे. पण एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्यांना प्रामाणिकपणे पुढचा पडायचा. म्हशी वाढल्या तर? म्हशी दुसऱ्या बाजूला बसल्या तर? म्हशीला रेडकू झालं तर? दर वर्षी वर कळवलं जाई, अभ्यास चालू आहे. खांब पावसाने कुजून पडले आणि जनाबाईंनी ते चुलीत घातले.

इमारतीत पुढे नळाला पाणी आलं, गच्चीवर पत्र्याची शेड आली, नदी आटली. खानविलकर निवृत्त झाले आणि रत्नागिरीला परत जायचं ठरलं. सामान बांधायच्या धांदलीत ते सकाळपासून गायब होते. नलूताई मला म्हणाल्या, “कुठे असतील ते मला माहीत आहे. तेवढं घेऊन याल का त्यांना?”

मी चेण्याला गेले. ऊन कलायला आलं होतं. आजूबाजूला इमारती चढायला लागल्या होत्या, पण पट्टा होता तसाच होता, हिरवागार आणि डासांनी भरलेला. खानविलकर म्हशींच्या मधे चिखलात उभे होते, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत, दुसरा पोटरीपर्यंत. मला बघून त्यांनी खिशातली बाटली काढली, पट्ट्याच्या खालच्या टोकाला वाकून भरली आणि चिखलातून पाय ओढत माझ्यापर्यंत आले.

“वास घ्या, वहिनी.”

इतकी वर्षं ते मला हेच म्हणत आले होते आणि इतकी वर्षं मी नाकाला पदर लावून पळाले होते. उद्या हा माणूस भिंतीपलीकडे नसणार, असं मनात आलं आणि मी बाटली घेतली. नाकाशी नेली. पुन्हा नेली.

“कशाचाच वास येत नाहीये,” मी म्हणाले.

खानविलकरांचा चेहरा उजळला. त्या पहिल्या रविवारी माझ्या स्टुलावर उभं राहून उजळला होता, अगदी तसाच.

“हो ना?” ते म्हणाले. “कशाचाच नाही!” आणि ही बातमी सांगायला ते मागे वळून म्हशींकडे गेले.